वन्संचे पेरू

पेरू शिजवण्यात काही अवघड आहे असं कोणाला वाटत नाही. चिरायचे, साखरपाण्यात घालायचे, मऊ झाले की उतरवायचे. मला कोणी विचारलं तर मीही तेवढंच सांगते. पण एका हिवाळ्यात सोलापुरातल्या आमच्या घरी हे पेरू रोज शिजत होते आणि त्यांच्यावर एक बाई जगत होती. ती म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. त्या पेरूंबद्दल मी आधी वन्संशी खोटं बोलले आणि मग ते झाकायला यजमानांशी. या गोष्टीला विसावर वर्षं झाली. ते खोटं आमच्या घरात अजून खरं म्हणून नांदतं आहे. माझी पन्नाशी उलटली. मला बोलायची सवय नाही, पण आता लिहिते.

वन्सं ह्यांच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. लग्न झालं आणि वर्षाच्या आत कपाळ पुसून माहेरी आल्या. पुढे सासूबाई गेल्या, तेव्हा हे अडीच वर्षांचे होते. ह्यांना न्हाऊमाखू घालण्यापासून मॅट्रिक होईपर्यंत सगळं त्यांनीच केलं. हे त्यांना अक्का म्हणत, म्हणून सगळी आळी अक्का म्हणे. डोकं केलेलं, अंगावर तांबडं आलवण, दिवसातून एकदा जेवण, बाकी वेळ स्वयंपाकघर आणि देवघर. मी घरात आले ती मास्तरांची बायको म्हणून, पण चूल वन्संचीच होती. त्या दुष्ट नव्हत्या, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी तसं भासवलं आहे. त्या फक्त तुटक बोलायच्या. आणि कौतुक करायचं तर ते भावाचं, दुसऱ्या कोणाचं करायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचं पोट दुखायला लागलं. जेवल्यावर कळ यायची. उंबऱ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसायच्या आणि कोणी विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही, ज्वारी बाधली." सोलापुरात जन्म काढलेल्या बाईला ज्वारी बाधते होय! शेवटी हे डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर तरुण होते, बूट काढून आत आले म्हणून वन्सं त्यांच्याशी बोलल्या तरी. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि ह्यांना बाहेर नेऊन सांगितलं, की आत व्रण आहे. भाकरी बंद, तिखट बंद, मऊ आणि थोडं थोडं दिवसातून चार वेळा खायला द्या. आणि उपास एकही नको. पोट रिकामं राहिलं तर व्रण फुटेल.

वन्संनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चार वेळा कोण खातं? म्हशी."

एकभुक्त राहणाऱ्या बाईला दुसऱ्यांदा खायला घालायचं कसं, हा खरा प्रश्न होता. दूध त्यांना सोसत नव्हतं. तो प्रश्न मी सोडवला. आमच्याकडे पूजेला येणारे गुरुजी होते, त्यांना मी दारातच गाठलं आणि विचारलं, की फळ पाण्यात शिजवलं, त्यात मीठ नाही, धान्य नाही, तर ते जेवण की फराळ? गुरुजी भले गृहस्थ. ते म्हणाले, "फळ ते फळच. शिजलं म्हणून त्याचा भात होत नाही." वन्संना हे पटलं. त्यांनी एकच अट घातली. मी सोवळ्यात शिजवायचं आणि साखर देशी घालायची.

आताच्या मुलींना हे सांगावं लागेल. त्या काळी पांढऱ्या दाणेदार साखरेला आम्ही मोरस म्हणत असू. ती हाडांच्या कोळशानं धुतात, अशी जुन्या माणसांची खात्री होती. आमच्या घरात साखरेची दोन भांडी होती. पत्र्याच्या डब्यात मोरस, ह्यांच्या आणि माझ्या चहापुरती. आणि चिनी मातीच्या बरणीत देशी खांड, मातकट रंगाची, देवाच्या नैवेद्याला आणि वन्संना. डब्याला हात लागला तर वन्सं हात धुवत.

पेरू बाजारात मिळत होतेच, पण आमच्या दारावर खेड्यातली एक बाई पाटी घेऊन यायची. पहिल्या दिवशी ती पाटी उतरवून म्हणाली, "घ्या की बाई, लई गोड हायती."

"गोड नकोत. घट्ट दे."

"आं? गोड नगं? पेरू खायाला घेताय का कुणाला हाणायला?"

"शिजवायचेत."

"पेरू शिजवत्यात?" ती कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "तुमचं बामनाचं काय बी न्यारंच असतंय."

"आजारी माणूस आहे घरात."

"व्हय? मग आदी सांगायचं की." तिनं पाटीच्या तळातून चार पेरू काढले. पिवळटपणाकडे नुकतेच झुकलेले, दाबले तर किंचित दबणारे. मी एकेक उलटसुलट करून पाहायला लागले तशी म्हणाली, "पोरगी बघाय आल्यागत बघताय जनू! घ्या, खोड न्हाय एकात बी."

त्या दिवसापासून ती माझ्यासाठी तसेच पेरू वेगळे ठेवायची आणि पाटी उतरवायच्या आधी विचारायची, "कशी हाय तुमची म्हातारी?"

शिजवणं मी माझं मीच शिकले. पहिल्या दिवशी लगदा झाला, दुसऱ्या दिवशी फोडी कच्च्या राहिल्या. मग हळूहळू हात बसला. साल पातळ काढायची, पेरूचे चार भाग करायचे, आणि बी चमच्याच्या कडेनं असं कोरून घ्यायचं की फोडीला होडीसारखा आकार यावा. एकही बी राहता कामा नये, ते व्रणाला बोचतं. बियांचा गर टाकायचा नाही. तो थोड्या पाण्यात उकळून फडक्यातून गाळायचा, पेरूचा सगळा वास त्या पाण्यात उतरतो. त्याच पाण्यात खांड विरघळवायची. खांडेचा पाक गढूळ होतो, चहासारखा. तो उकळायला लागला की पळीभर दूध सोडायचं. दूध फाटतं आणि सगळी मळी घेऊन वर येतं, ती झाऱ्यानं काढायची. पुन्हा पळीभर दूध, पुन्हा मळी. असं तीनदा. मग ओल्या धोतराच्या फडक्यातून गाळलं की खाली उरतो तो पाक कोवळ्या उन्हासारखा. त्यात फोडी सोडायच्या आणि शेगडीतले निखारे बाजूला सारायचे. पाक उकळू द्यायचा नाही, नुसता थरथरला पाहिजे. फोडीत काडी अलगद गेली की उतरवायचं आणि पाकातच निवू द्यायचं.

या सगळ्याला दीड-दोन तास लागत. सकाळी सोवळं नेसून मी हे करायची आणि मग आमचा स्वयंपाक. वन्सं मधल्या खोलीत घोंगडीवर पडलेल्या असत. स्वयंपाकघरात काय चाललं आहे हे त्यांना दिसत नसे.

त्यांना गुण आला. आठ दिवसांत कळ कमी झाली, पंधरा दिवसांत त्या उठून परसात उन्हाला बसू लागल्या. दुपारी मी वाटी घेऊन गेले की म्हणायच्या, "आली का माझी दुसऱ्यांदाची चैन?" एकदा तर हसून म्हणाल्या, "तुझा सासरा असता तर म्हणाला असता, पोरगी म्हातारपणी खादाड झाली." मी त्यांना हसताना फार पाहिलं नव्हतं. पुढचे दोन दात पडलेले होते आणि हसल्या की लहान मुलीसारख्या दिसायच्या. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "थंडी सरेपर्यंत असंच चालू ठेवा, व्रण भरून येईल." इथपर्यंत माझं सगळं चांगलं होतं. इथेच सगळं थांबलं असतं तर मला लिहायला काही नव्हतं.

संक्रांतीनंतर घरी हळदीकुंकू केलं. वन्सं अर्थातच त्यात नव्हत्या. त्या मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या पेरूंची वेळ म्हणून मी वाटी आधीच देऊन आले होते. बायका हलवा घेऊन झाल्यावर त्यांची विचारपूस करायला दारापर्यंत गेल्या. समोरच्या वकिलीणबाई पुढे होत्या.

"अगंबाई, अक्का, चेहरा किती भरला हो! काय खाता तरी काय?"

"हे बघा." वन्संनी वाटी पुढे केली. "पेरू. भाऊ माझा रोज आठवणीनं आणवतो. जीव आहे त्याचा माझ्यावर."

"आणि पाक हो काय हा! काचेसारखा. देशी साखरेचा पाक असा होतो होय? आमचा तर मेला नुसता गढूळ."

"होतो की."

"मग मास्तरीणबाईंचा हात चांगला आहे म्हणायचा."

वन्सं म्हणाल्या, "त्यात हात कसला? पाण्यात घातलं की झालं."

बायका हसल्या. मला हसल्या नाहीत, वन्संची ती बोलायची तऱ्हाच होती आणि सगळ्यांना ती माहीत होती. मी हलव्याचं तबक घेऊन त्यांच्या मागे उभी होते. पेरू ह्यांनी एकदाही आणवले नव्हते, ह्यांना ते कुठून येतात हेही माहीत नव्हतं. माझ्या बोटांना पाकाचा चटका बसून फोड आला होता, तो तबकाच्या कडेला घासत होता. एवढंच निमित्त. याहून मोठं निमित्त मी पुष्कळ वर्षं शोधलं. सापडलं नाही.

मी म्हणाले, "वन्सं, पाक निवळ दिसणारच. मोरस आहे ती."

"काय?"

"पत्र्याच्या डब्यातली. आमच्या चहाची."

वन्संनी वाटीत पाहिलं, मग माझ्याकडे. "आजच्या दिवस?"

इथे मला मागे फिरता आलं असतं. 'हो, आजच्या दिवस, खांड संपली होती' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी म्हणाले, "पहिल्या दिवसापासून."

"खरं सांगतेस?"

"सणाच्या दिवशी खोटं कशाला बोलू?"

त्यांनी वाटी खाली ठेवली. ठेवताना सांडली नाही, अगदी सावकाश ठेवली. उठून परसात गेल्या आणि घशात बोटं घालून ओकल्या. तो आवाज आम्ही सगळ्याजणी ऐकत उभ्या होतो. वकिलीणबाई "चला, दिवेलागणीच्या आत घरी पोचलं पाहिजे" म्हणाल्या आणि वाण न घेताच गेल्या. बाकीच्याही गेल्या. पाक निवळ होता तो माझ्या हातामुळे, आणि तोच माझ्या खोट्याला पुरावा झाला. कोणी शंका घ्यायचं कारणच उरलं नाही.

पुरावा खरं तर दुसरीकडे होता. खांडेची बरणी तळाला गेली होती. कोणीही झाकण काढून पाहिलं असतं तर समजलं असतं, महिनाभर साखर कोणत्या भांड्यातून जात होती. त्याच संध्याकाळी मी ती बरणी वरच्या फळीवर लोणच्याच्या मागे सरकवली. हे मी रागात केलं नाही. राग तोवर गेला होता. हे मी विचार करून केलं.

हे शाळेतून आले तेव्हा गोष्ट त्यांना वाटेतच कळली होती. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण हे स्वयंपाकघरात आले, पाट ओढून शेगडीजवळ बसले आणि म्हणाले, "शाब्बास!"

मी चहाचं आधण ठेवलं.

"मी इतकी वर्षं शिक्षकांच्या खोलीत सुधारणेवर बडबडतो, घरात माझी छाती झाली नाही. तू करून दाखवलंस. महिनाभर खाल्ली की नाही मोरस? झालं काही? उलट बरी झाली अक्का!"

तेरा वर्षांच्या संसारात हे माझ्याशी असे बसून बोलले नव्हते. जेवायला काय, धोबी आला का, याच्या पलीकडे आमचं बोलणं नव्हतं. माझी दोन मुलं जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून तर तेही कमी. त्या दिवशी हे माझ्या हातचा चहा पीत शेगडीजवळ बसून राहिले. मग म्हणाले, "पण चारचौघींत का सांगितलंस? ते बरं नाही दिसलं."

मी म्हणाले, "त्या माझ्या बाळांवरून बोलल्या. हिच्या हातात काही टिकत नाही, म्हणाल्या. सगळ्यांसमोर."

वन्सं असं काही बोलल्या नव्हत्या, त्या दिवशी नाही आणि कधीच नाही. माझं दुसरं बाळ गेलं तेव्हा ते माझ्या नाही, वन्संच्या मांडीवर होतं. त्याच्या दुखण्यात तांबड्या आलवणाच्या पदरात गुंडाळून त्या त्याला तीन दिवस घेऊन बसल्या होत्या. हे मला माहीत असताना मी ते वाक्य त्यांच्या तोंडी घातलं. ह्यांचा चेहरा उतरला. त्यानंतर हे बहिणीशी नीट बोललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेरूवाली आली. "कशी हाय म्हातारी?"

"आज नकोत पेरू."

"का वं? बरी झाली जनू?"

मी म्हणाले, "हो."

"चला, द्येव पावला!" असं म्हणून तिनं एक पेरू नुसताच माझ्या हातावर ठेवला आणि पाटी उचलली.

वन्संनी गुरुजींना बोलावून प्रायश्चित्त विचारलं. गुरुजींनी परोपरीनं समजावलं. आजाऱ्याला औषधात दोष नाही म्हणाले. नकळत घडलंय, नुसता जप करा म्हणाले. मन मानत नसेल तर गोदान सांगतो, तेही नको असेल तर ब्राह्मणाला दक्षिणा द्या.

"दक्षिणेनं माझं पोट धुऊन निघतं का गुरुजी?"

"अहो अक्का, तुम्हाला डॉक्टरांनी उपास..."

"महिनाभर खाल्लंय मी. आवडीनं. तिच्याकडे मागून मागून खाल्लंय."

शेवटी ठरलं, तीन दिवस पंचगव्य आणि पाणी, बाकी काही नाही. डॉक्टर आले ते रागावलेच. ह्यांना म्हणाले, "तुम्ही शिकलेले, तुम्ही थांबवा." हे बहिणीच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि साखर कशी करतात यावर त्यांना व्याख्यान दिलं. शाळेत देतात तसं, हात मागे बांधून. एकदा जवळ बसून 'अक्का, माझ्यासाठी खा' म्हणाले असते तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं. पण ह्यांच्या मनात ते बाळांचं वाक्य होतं. ते मी घातलेलं होतं.

मी काय करत होते? स्वयंपाक करत होते. एक वाक्य बोलले असते तर सगळं थांबलं असतं, हे मला पहिल्या दिवशी माहीत होतं, दुसऱ्या दिवशी माहीत होतं. पण हे संध्याकाळी शाळेतून आले की सरळ शेगडीजवळ येऊन बसत होते. हेडमास्तरांना माझ्याबद्दल काय सांगितलं ते मला सांगत होते. मला ते हवं होतं. वन्संना काही होईल असं वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं होतं. तरी गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उलटी झाली. कॉफीच्या गाळासारखी काळी. डॉक्टर म्हणाले, "फुटला." त्यांनी औषध दिलं, टोचलं, पडून राहायला सांगितलं आणि आता तरी काहीतरी पोटात जाऊ द्या म्हणाले. प्रायश्चित्त त्या संध्याकाळी पुरं झालं. पण वन्सं माझ्या हातचं पाणीही घेईनात. वकिलीणबाईंच्या घरची एक म्हातारी विधवा यायची, तिच्या हातचं दोन पळ्या ताक, तेवढंच. त्या खंगत चालल्या.

मी खरं सांगितलं ते त्यानंतर सातव्या-आठव्या दिवशी. दुपारची वेळ होती, गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. हे शाळेत होते. मी बरणी काढली, मधल्या खोलीत गेले आणि ती त्यांच्यासमोर ठेवून झाकण काढलं.

"वन्सं, ही बघा. संपत आलीय. तुमच्या पेरूंत खांडच होती. एक दिवस म्हणून मोरस घातली नाही."

त्या पडल्या पडल्या बरणीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग पाक इतका निवळ कसा?"

"दूध घालून मळी काढत होते."

"किती दूध?"

"एकेक पळी. तीनदा."

"तीनदा," त्या म्हणाल्या. "मी एकदाच घालते. म्हणून माझा राहतो गढूळ." मग म्हणाल्या, "मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"मग तसं का म्हणालीस गं?"

"तुम्ही म्हणालात, पाण्यात घातलं की झालं."

त्यांना आठवेना. खरोखरच आठवेना, कपाळाला आठ्या घालून त्या आठवत होत्या. मग आठवलं असावं. "एवढ्याला?" म्हणाल्या. रागावल्या नाहीत. काही हरवलेलं अगदी क्षुल्लक जागी सापडावं तसा तो आवाज होता. मी पायांवर डोकं ठेवायला गेले तर त्यांनी पाय आखडून घेतले. "शिवू नकोस. मी सोवळ्यात आहे."

मी म्हणाले, "आज ह्यांना सगळं सांगते." तेव्हा मात्र त्या जोरात बोलल्या, "अजिबात नाही. तो आता तुझ्यापाशी येऊन बसतो, मला इथून ऐकू येतं. इतकी वर्षं बसत नव्हता, तेही मला ऐकू येत होतं. त्याला काही सांगायचं नाही."

बाळांच्या वाक्याबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. तेवढं धैर्य त्या दिवशीही झालं नाही. भाऊ आपल्याशी का बोलत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "जा, कर. माझ्यासमोर कर."

मी पेरू बाजारातून आणवले, अंघोळ करून सोवळं नेसले आणि शेगडी मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी आणली. त्यांना दिसेल असं सगळं केलं. साल काढली, बी कोरलं. त्या कुशीवर वळून पाहत होत्या. पहिली मळी वर आली तशी म्हणाल्या, "बरीच निघते की." तिसऱ्यांदा दूध सोडल्यावर म्हणाल्या, "आता पुरे." फोडी निवल्या तेव्हा मी वाटी दुरून सरकवली. त्यांनी एक फोड उचलली, तोंडात घातली, आणि तशाच बसून राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं. शेवटी त्यांनी फोड हातात काढली आणि वाटीच्या कडेला ठेवली.

"कळतंय गं," त्या म्हणाल्या. "डोळ्यांनी पाहिलंय. पण घशाखाली उतरत नाही."

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा केले, तिसऱ्या दिवशी पुन्हा केले. त्या वाटी जवळ ओढत, वास घेत, आणि नको म्हणत. फाल्गुनात त्या गेल्या.

ह्यांना मी सांगितलं नाही. वन्संनीच बजावलं होतं, असं मी स्वतःला समजावत आले. त्यांची एवढी एक आज्ञा मी किती काटेकोर पाळली! हे गोष्ट सांगत राहिले. अक्का कशी अंधश्रद्धेपायी गेली, आणि त्या काळात आमच्या हिनं घरात मोरस साखर घालायचं धाडस कसं केलं. हे शाळेत सांगत, लग्नाकार्यात सांगत, पुढे शिष्यांना सांगत. मी चहाचे पेले भरत ऐकायची. ऐकून ऐकून मलाही ती दुसऱ्याच कोणा बाईची गोष्ट वाटायला लागली होती.

गेल्या महिन्यात ह्यांच्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न झालं आणि नवी सून पाया पडायला आली. शिकलेली, बोलकी मुलगी. ह्यांनी तिला बसवून घेतलं आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती डोळे मोठे करून ऐकत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, तुम्हाला त्यांची भीती नाही वाटली?"

हे माझ्याकडे कौतुकानं पाहत होते. आता म्हातारे झालेत, थोडं कमी ऐकू येतं. मी काय म्हणते ते ऐकायला त्यांनी कानामागे हात धरला होता.

मी म्हणाले, "नाही. त्यात भ्यायचं काय?"

"बघ!" हे त्या मुलीला म्हणाले.